लोटलेलं दार

माझ्या भावाला, विल्फ डगल्बीला, ऐंशीवं लागलं त्या रविवारी दुपारी त्याला पबमध्ये गायला न्यायचं की नाही, यावरून आठवडाभर माझा जीव टांगणीला लागला होता. आमचा गाण्यांचा क्लब कॅमिश चालवतो. पूर्वी खेकड्यांच्या बोटीवर होता. तो दारात येऊन म्हणाला, "डोरीन, एकच गाणं. त्याचं स्वतःचं. अडलाच तर ओळ द्यायला आम्ही आहोत ना!"

"तुम्ही आहात त्याचीच तर धास्ती आहे," मी म्हटलं.

विल्फनं निवृत्त होईपर्यंत किनाऱ्यावरची बस चालवली. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी करायचा आणि गाणी रचत बसायचा. उशीर झाला की प्रवासी शिव्या घालायचे, आणि हा म्हणायचा, "थांबा हो, यमक सापडत नाहीये!" गाणी ढीगभर केली, टिकलं एकच. आम्ही लहान असताना वडिलांची बोट जानेवारीत गेली ती परत आली नाही. त्यानंतर आईनं मरेपर्यंत दाराला कधी कडी घातली नाही. त्यावरचं ते गाणं. 'दार नुसतं लोटून ठेव, आई.'

आता ते सगळीकडे गातात. एका जत्रेत एक दाढीवाला पोरगा म्हणाला, "फारच जुनं गाणं आहे हे, कुणी केलं ते कुणालाच माहीत नाही." विल्फ मागून ओरडला, "माहीत कसं नाही? हा काय, बिअर पीत बसलाय!" वरून चिडला, पण मनातून असा खूश, की महिनाभर भेटेल त्याला हेच सांगत सुटला.

त्याचा खरा संताप व्हायचा तो एका शब्दावरून. लोक 'नुसतं लोटून'च्या जागी 'सताड उघडं' गायला लागले. छान ताणता येतं म्हणे! विल्फच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "सताड उघडं? जानेवारीत? समुद्रावरचा वारा घरात घ्यायला? आईनं थोबाड फोडलं असतं तुमचं!" मी मुद्दाम 'सताड उघडं'च गायचे. तो गाता गाता माझ्यावर डोळे वटारायचा, आणि मला हसू आवरायचं नाही.

त्याची बायको गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. मग त्याचं विसरणं सुरू झालं. आधी किटलीचं, मग माणसांचं. या हिवाळ्यात एका पहाटे तो मला धक्क्यावर सापडला, पायांत सपाता, बोट आली का बघत उभा. त्या दिवसापासून मी दाराला आतून कडी घालते आणि तरी माझा डोळा लागत नाही.

डोकं ठिकाणावर होतं तेव्हाच त्यानं मला बजावलं होतं, "मी गाताना अडलो तर हाताला धरून खाली उतरव. कीव करून टाळ्या वाजवल्या ना कुणी, तर एकेकाचा ग्लास फोडीन." म्हणून मी कॅमिशला हो म्हणत नव्हते. उतरवायचं म्हणजे कायमचंच. पुन्हा कोण चढवणार त्याला?

पण शेवटी नेलं. पबची वरची खोली गच्च भरली होती. कॅमिशनं सगळ्यांना दम दिला होता, आज विल्फचाच शब्द गायचा, 'लोटून' म्हणजे 'लोटून'. मला ते ऐकूनच रडू यायला लागलं.

विल्फ उभा राहिला. पहिलं कडवं असं गायला की मी श्वास सोडला. दुसऱ्याच्या मध्यावर थांबला. ओठ हलताहेत, शब्द नाही. कॅमिशनं हळूच ओळ दिली, ती त्याला ऐकूच आली नाही. मी खुर्चीवरून उठले. देवा, आता हात धरायचा!

तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि थेट ध्रुवपद उचललं, खणखणीत. "दार सताड उघडं ठेव, आई..."

आणि सगळी खोली एका आवाजात, "दार नुसतं लोटून ठेव, आई..."

विल्फनं टेबलावर हात आपटला. "काय बरळताय? 'सताड उघडं' आहे ते! ज्यानं कुणी लिहिलं त्यानं विचार करून लिहिलंय. दुसऱ्याच्या गाण्याची वाट लावता, लाज नाही वाटत?"

कुणी हसलं नाही. कॅमिश पांढराफटक पडला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभीच होते. तशीच जोरात म्हटलं, "दार सताड उघडं ठेव, आई..." मग सगळे म्हणाले. विल्फनं मान डोलावली आणि ध्रुवपद पुन्हा पुन्हा गाऊन गाणं संपवलं. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यानं कुणाचा ग्लास फोडला नाही.

घरी येताना पूर्वेचा वारा बोचत होता. मी त्याचा हात घट्ट धरला होता.

"कुणाचं गं ते गाणं?" त्यानं विचारलं.

"जुनं आहे," मी म्हटलं. "कुणी केलं ते माहीत नाही."

"बरं केलंय," तो म्हणाला.

घरात शिरल्यावर मी दार लावलं आणि कडीला हात घातला. तो कोट काढता काढता वळला आणि वैतागून म्हणाला, "कडी कशाला घालतेस, बये? नुसतं लोटून ठेव. बाबा यायचेत अजून."

मी कडी घातली.