मास्तर फुंकत का नव्हते

खोकला दोन महिने हटेना. तेव्हा बँडच्या मास्तरांनी आधी दोष थंड पाण्याला दिला, मग ट्रम्पेटला, मग शेजारी बसणाऱ्या क्लॅरिनेटवाल्याच्या अत्तराला. रुमालावर रक्ताची रेघ दिसली, तेव्हा मात्र बायकोने त्यांना जवळजवळ कानाला धरूनच दवाखान्यात नेलं. एक्स-रेत उजवीकडे डाग निघाला. मग स्कॅन झाले, सुईने तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं, हा फुप्फुसाचा कॅन्सर आहे.

"अहो, मी जन्मात विडी ओढली नाही!" मास्तर त्यांच्यावरच खेकसले.

"न ओढणाऱ्यांनाही होतो. पण तुमचा लवकर सापडलाय, कुठे पसरलेला नाही. फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकू. त्याआधी मशीनवर फुंकून दम बघावा लागेल. दम कमी पडला तर ऑपरेशन करता येणार नाही, मग किरणांचा शेक वगैरे दुसरे उपचार बघू. पण ऑपरेशनसारखं दुसरं नाही."

शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलंच नाही. त्यांचा हिशोब सरळ होता. फुप्फुस कापलं की वाजवणं संपलं, आणि दम कमी पडला की ऑपरेशन टळलं. मग फुंकायचंच नाही! उभा जन्म फुंकण्यात घालवलेल्या माणसावर न फुंकण्याची तालीम करायची वेळ आली. तपासणीच्या दिवशी ते घरापासूनच केविलवाण्या धापा टाकत निघाले. बायको नुसती बघत होती.

मशीनवाल्या मुलीने नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. मास्तरांनी फुंकलं. तेवढ्या हवेने बशीतला चहाही निवला नसता.

"काका, जोर लावा ना."

"नाही गं जमत," मास्तर कण्हले.

दुसऱ्यांदाही तेच. मुलगी बाहेर जाऊन आली आणि सहज बोलल्यासारखी म्हणाली, "काल तुमच्याच बँडमधले ढोलवाले येऊन गेले. त्यांनी याच्या तिप्पट फुंकलं."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढोलवाला? जन्मभर कातडं बडवून खाणारा? त्यांनी छाती गच्च भरली आणि असं फुंकलं की डोळे बाहेर यायचे बाकी राहिले. मुलगी "अजून, अजून" ओरडत होती आणि मास्तर थांबायला तयार नव्हते.

"सांगा आता त्या ढोलवाल्याला!"

"झकास!" मुलगी हसली. "हा दम ऑपरेशनला भरपूर झाला."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. बाहेर येऊन त्यांनी बायकोला विचारलं, "ढोलवाला कशाला आला होता इथे?"

"कोण, तो? त्याला काय धाड भरलीय? मीच सांगितलं त्या मुलीला तसं बोलायला."

"अगं, पण यानंतर मला वाजवता आलं नाही तर?"

"नाही आलं तर नाही आलं!" तिचे डोळे भरून आले. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. तुमचं ते वाजवणं मला कधीच आवडलं नाही. तुम्ही आवडता."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. कॅन्सर कळला तेव्हाही त्यांना एवढं लागलं नव्हतं.

"कधीच नाही?"

"एकदाही नाही," ती डोळे पुसत म्हणाली.

मास्तरांनी तिचा हात धरला आणि दोघं ऑपरेशनची तारीख विचारायला आत गेले.