दहावा तुकडा

पाववाल्याच्या घरातून पिठाचा शेवटचा कण काढणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारावं. आमच्या या पाववाल्याने पंधरा दिवस दुसरं काही केलं नाही. उशा झटकल्या, कोटाचे खिसे उलटे केले, शब्दकोशाची पानंसुद्धा झाडली, तरी पीठ आपलं निघतंच! शेवटी तो ओल्या फडक्याने स्वतःच्या भुवया पुसायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, "आता पुरे. असंच चाललं तर तुलाच घराबाहेर ठेवावं लागेल."

बायको ज्यू, हा ख्रिस्ती. वल्हांडणाच्या सणात ज्यूंच्या घरात आठ दिवस आंबवलेल्या पिठाचा कणही चालत नाही. आजवर सण सासऱ्यांकडे व्हायचा. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सण पहिल्यांदाच इकडे आला.

सासरे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. मुलीने या पाववाल्याशी लग्न केलं त्या दिवशी ते म्हणाले होते, "तुझ्या नवऱ्याच्या हातचा पाव मी खाणार नाही." अकरा वर्षं झाली, खाल्ला नाही. यायचे, चहा घ्यायचे, गप्पा मारायचे. पावाची ताटली पुढे आली की पोट भरलेलं असायचं. पाववाल्याच्या हे फार मनाला लागायचं. सगळी गल्ली त्याच्या पावासाठी रांग लावते आणि घरचाच माणूस तोंड फिरवतो! यंदा निदान घर तरी त्यांच्या पसंतीला उतरावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी घर तपासायची रीत असते. घरच्यांनी पावाचे दहा तुकडे लपवायचे आणि शोधणाऱ्याने मेणबत्ती घेऊन ते हुडकायचे, म्हणजे शोध वाया जात नाही. सापडतील ते सकाळी जाळायचे. पाववाल्याने त्यासाठी मुद्दाम ताजा पाव भाजला. जाळायच्या पावावरही एवढी मेहनत, आता बोला! दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवले आणि उरलेला पाव मागच्या गल्लीत बहिणीकडे पाठवून दिला.

सासरे काठी टेकत निघाले. बायको मागे यादी घेऊन, गणिताची मास्तरीणच ती. टेबलावरच्या टोपलीपाशी ते थबकले.

"हे काय?"

"आमच्या ईस्टरची अंडी, बाबा," पाववाला चाचरत म्हणाला. "रविवारसाठी रंगवलीत."

म्हाताऱ्याने एक उचलून कानाशी धरलं. "चालू द्या. अंडी कधी आंबवतात का?"

पाववाल्याला हायसं वाटलं. फ्रीजवरचा तुकडा सापडला, चपलांच्या कपाटातला सापडला, असे नऊ झाले. दहावा खिडकीत, फुलदाणीमागे. बायकोने हात घातला तर नुसता रिकामा कागद.

"उंदीर!" पाववाला ओरडला. म्हणजे तुकड्याचा चुरा आता घरभर. पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात! तो पालथा पडून कपाटाखाली शिरला. "बाबा, रात्रभर जागून शोधतो, पण..."

"बाहेर ये," सासरे म्हणाले. "उंदीर नाही. मी खाल्ला."

म्हातारा मेणबत्तीकडे बघत पुटपुटला, "उद्या सकाळपर्यंत खायला परवानगी असते. नियमात बसतं." मग जरा दमाने, "मघाशी खिडकीपाशी बसलो होतो, वास आला. मला राहवलं नाही."

बायको हसता हसता रडायला लागली. पाववाला तसाच जमिनीवर बसून राहिला. अकरा वर्षं या एका वाक्यासाठी तो झुरला होता.

"बाकीचा पाव कुठेय?" सासऱ्यांनी विचारलं.

"बहिणीकडे."

"मग बघतोस काय? आण जा. पण आत आणू नकोस हं, घर स्वच्छ झालंय. आपण दोघं बाहेर पायरीवर बसून खाऊ."

पाववाला चपला न घालताच धावत सुटला.