नागपूरले नेलेली ओटी

सकाळच्या एसटीनं मी उमरेडकडून नागपूरले निघाली. मांडीवर देवीसाठी खन-नारळाची ओटी होती.

माह्या सुनेचे, शांतेचे, दोन लेकरं आठव्या दिवशी गेले होते. अंगावर पिनं सोडलं, जबडा आवळला, संपले. गावची सुईन मीच, दोन्ही बाळंतपनं माह्याच हातची. आता तिले सातवा महिना होता. सटवाई कोपली असं मी धरून बसली होती. निघताना बोललीबी, "तुह्या कपाळात नसंल तं देवी काय करंल!" शांतेनं भाकरीचं गाठोडं हाती देल्लं.

सायकलरिक्षानं लकडगंजात उतरली. चारीकडं लाकडं चिरायच्या आरा-मशिनीचा आवाज, कापल्या लाकडाचा वास. तिथं माही धाकटी बहीन गया राहे. तिनं पोहे देल्ले, वर सांबार (कोथिंबीर).

म्हने, "देवी कुठं पळून नाही चालली. आज मंडळात भजन आहे, चाल."

"मी काहून येऊ वं? मले शहरी चाली येत नाही."

"टाळ तं वाजवता येते ना?"

गल्लीतल्या बायांनी मंडळाची एक खोली केली होती. चटया, पेटी, कोपऱ्यात शिलाई मशीन. दवाखान्यात जायले बाया लाजत, पन भजनाले येत. म्हनून महापालिकेची नर्सबाई दर गुरुवारी तिथंच ये, आन आरती होईस्तोवर टाळ धरून बसे.

आरतीनंतर तिनं मले इचारलं, "आजी, गयानं सांगितलं, तुमी सुईन ना? नाळ कायनं कापता?"

"इळ्यानं (विळ्यानं). माह्या सासूचा आहे. लय धार."

"वर काय लावता?"

"गोवरीची राख. लवकर वाळते."

बाजूची म्हातारी म्हने, "आमीबी तेच लावो, बाई. हिनंच आमची राख बंद केली."

नर्सबाईनं आवाज खाली केला. "आजी, शेनामातीतून धनुर्वात होते. नाळेतून आत जाते. आठव्या दिवशी लेकराचा जबडा बसते."

मी तिले आठवा दिवस सांगितलाच नव्हता. गयानंबी नाही.

मी टाळ खाली ठेवले. हेच हात होते.

चार दिवस राहिली, शिकली. पोटुशीले धनुर्वाताची सुई, नवी ब्लेड, उकळलेला दोरा, साबनाचे हात, आन नाळेवर काई लावायचं नाही. मले वाचता येत नाही, तं एका बाईनं हे सारं भजनाच्या चालीत बसवून देल्लं. देवीले नुसते हात जोडले. ओटी तशीच परत आनली.

घरी शांता अंगन सारवून राहिली होती.

"देवी काय म्हने, आत्याबाई?"

"तुह्या कपाळात काई नव्हतं, शांते. माह्या हातात होतं." मग सारं सांगितलं.

शेनाचे हात तसेच धरून तिनं ऐकलं. मी म्हनलं, "तू म्हनशीन ती सुईन आनते."

मंग ती बोलली, "तुमीच कापा. पन हात माह्यासमोर धुवा."

दिवस भरले तवा तिच्यासमोरच धुतले. पोरगी झाली. आठवा दिवस मी उंबऱ्यातून हलली नाही. नववा उजाडला, पोरगी पिऊन राहिली होती. तवा ती ओटी मी शांतेच्या पदरात घातली.

आता दर गुरुवारी आमच्या अंगनात भजन राहते. आजूबाजूच्या गावच्या सुईनी येतात. टाळ खाली ठेवले का मी पयले माहंच सांगते, त्या दोन लेकराइचं.