उशाशी ठेवलेली कोयती

मी निघाले तेव्हा आई चारोटीपर्यंतच आली. तलासरीहून गाडी निघाली, विवळवेढ्याला महालक्ष्मीला हात जोडून झाले, चारोटीला चहासाठी थांबलो आणि आई म्हणाली, "मी इठनं परत जाते. विमानाजवळ माझं काय काम? गवत कापायचं राहिलंय." ती गवताच्याच तयारीने आली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, कमरेला लाकडी आकडा आणि आकड्यात कोयती. हॉटेलच्या बाकावर बसून तिने घरची पपई त्याच कोयतीने चिरली. शेजारी एक हवालदार चहा पीत होता, त्याने हात पुढे करून एक फोड मागून घेतली आणि गोड आहे म्हणाला. कोयतीकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही. मी रडत होते आणि चिडलेही होते, की लेक इंग्लंडला चाललीय आणि हिला गवताचं पडलंय.

त्याला सात वर्षं झाली. आज हे लिहिते आहे कारण पाड्यावरच्या ग्रुपवर फिरतंय की मंदाचं बाळ गोऱ्या पोलिसांनी उचलून नेलं. नेलेलं नाही. ते आत्ता माझ्या मांडीवर आहे आणि दुधाची गुळणी माझ्याच अंगावर टाकतंय. पण नेलं असतं, इतकं जवळ आलं होतं, हेही खरं. तुम्ही अर्धे जण म्हणताय, हा कसला कायदा, आणि बाहेर गेलेले तुम्ही बाकीचे म्हणताय, म्हातारीच्या अंधश्रद्धेने घोळ केला. दोन्ही वाचून माझं डोकं फिरतं. घोळ मी केला. तो कसा केला ते नीट सांगते.

मी इथे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स आहे. इथल्या कायद्याशी माझी पहिली गाठ पडली ती दुकानात. भाजी चिरायला सुरी घेतली तर काउंटरवरच्या मुलीने वयाचा पुरावा मागितला. अठराच्या आतल्यांना सुरी विकत नाहीत. मी एकोणतीस वर्षांची होते, हसूच आलं. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "भाजीला पण पोलीस?" घरात सुरी ठेवायला बंदी नाही, पण रस्त्यावर सुरी घेऊन फिरायचं तर त्याला पटणारं कारण लागतं. कमरेला कोयती लावून आपण बाजारात जातो, शाळेत पोरं आणायला जातो, तसं इथे कोणी चार पावलंसुद्धा जाऊ शकत नाही.

पहिली काही वर्षं मलाही ते जास्तच वाटायचं. मग एका दुपारी कॉलेजातली एक मुलगी आमच्याकडे आणली. मांडीत वार होता. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. ती मला माझं नाव विचारत होती आणि मी सांगत होते, मंदा, मंदा. ती वाचली नाही. ज्याने मारलं त्याने स्वयंपाकघरातलीच सुरी आणली होती.

त्यानंतर इथल्या आमच्या गावात मोठा वाद पेटला. काही लोकांनी मागणी केली की टोकाच्या सुऱ्या विकायलाच बंदी घाला, घरातली सुरीसुद्धा गोल टोकाचीच असू दे. लायब्ररीच्या हॉलमध्ये सभा झाली. एक जण उठून म्हणाला, माझ्या किचनमध्ये सरकारने डोकावायचं नाही, गुन्हा एकाने करायचा आणि बंधन सगळ्यांवर का? त्याच्यापुढच्या रांगेत त्या मुलीची आई बसली होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही. मी त्या मागणीच्या कागदावर सही केली.

सुधीर, माझा नवरा, सही करायला तयार नव्हता. तो डहाणूचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, आणि त्याच्या घरात चहाच्या साखरेवरूनही वाद घालायची पद्धत. "आज टोक काढतील, उद्या धार काढतील, परवा चमचे मोजायला येतील," तो म्हणाला. "माणसावर विश्वासच ठेवायचा नाही का?" मी म्हटलं, तू कोणाच्या मांडीवर हात दाबून बसला नाहीस. तो उठून चहा टाकायला गेला, पण पटलं म्हणून नाही. तुम्हीच ग्रुपवर टाकलं होतं की आता आपल्याकडच्या मोठ्या शहरातसुद्धा कोयता घ्यायला आधार कार्ड मागतात आणि उद्या आपल्या कमरेचीही काढून घेतील. ते वाचून सुधीर मला फोन दाखवत फिरत होता, जणू त्याच्या बाजूने निकालच लागला.

अशा घरात आई बाळंतपणाला आली. बॅग उघडली तर नाचणीचं पीठ, सुकट, आणि खाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेली कोयती. चारोटीला पपई चिरली होती तीच, मूठ मात्र नवी. "ही कशाला आणलीस?" मी म्हटलं. "पाचवीला काय पुजणार मग? चमचा?" ती म्हणाली. सुधीर पोट धरून हसला. पाचव्या दिवशी भाजी चिरायच्या फळीवर कोयती मांडली, हळदकुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले. आणि मग आपल्याकडे ठेवतात तशी ती बाळाच्या उशाशी गेली. इथे बाळाला उशी देत नाहीत, म्हणून आईने ती फडक्यात गुंडाळून, बाळाला निजवायची टोपली असते तिच्यातल्या गादीखाली सरकवली.

मला माहीत होतं. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी काय केलं ते त्याशिवाय कळणार नाही. टोपलीत गादीखाली काही ठेवायचं नाही, हे मी स्वतः दुसऱ्या बायांना शिकवते. तरी मी काढली नाही. आईने ती ठेवली आणि बाळ झाल्यापासून पहिल्यांदा मला शांत झोप लागली. माझं शिक्षण, माझी सही, सगळं एका बाजूला आणि ते लोखंड एका बाजूला. मला बरं वाटत होतं, बस्स.

अकराव्या दिवशी हेल्थ व्हिजिटर येणार होती. इथे बाळ झालं की सरकारी नर्स घरी येऊन बघून जाते. सकाळी मी कोयती काढून किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि आंघोळीला गेले. तेवढ्यात आईने ती परत गादीखाली ठेवली. परकं माणूस पोर बघायला येणार म्हटल्यावर तर तिला ती तिथे हवीच होती.

हेलन नावाची ती बाई फार गोड होती. बाळाचं वजन केलं, आईच्या नाचणीच्या लाडूचं कौतुक केलं. मग टोपलीतली गादी पुरेशी घट्ट आहे का ते बघायला तिने हात घातला. फडकं बाहेर आलं, सुटलं, आणि कोयती तिच्या हातात. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. हॉस्पिटलात काम करताना माझाही चेहरा असाच होतो, हे मला कळलं. आवाज न चढवता ती म्हणाली की मुलांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या खात्याला तिला हे कळवावं लागेल. बाळाला तिने टोपलीतून उचलून माझ्या हातात दिलं, आईच्या नाही. आई हात पुढे करून उभीच राहिली.

दोन दिवसांनी सोशल वर्कर येणार असं पत्र आलं. ते दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. मूल सुरक्षित नाही असं वाटलं तर पुढे काय काय होऊ शकतं ते मला पाठ आहे. अशी बाळं आईबापांपासून काढून नेताना मी आमच्या हॉस्पिटलात बघितली आहेत. माझा जीव टांगणीला लागला होता आणि भीतीने माणूस काय काय करतो ते मी केलं. आईला किचनमध्ये बसवलं आणि पढवलं. "सांग की सफरचंद कापत होते, बाळ रडलं, घाईत कोयती तिथेच राहिली. विसरले म्हण."

"मी आजवर कोयती कुठं विसरले नाय," आई म्हणाली.

"आई, पोर नेतील."

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "बरं."

सोशल वर्कर बाई आली. मी दुभाषी व्हायला तयार होते, पण घरचा माणूस चालत नाही म्हणून तिने टेबलावर फोन ठेवला आणि त्यातून एक मराठी बाई बोलायला लागली, अगदी बातम्या देतात तसं शुद्ध. "आपण ते हत्यार बाळाच्या बिछान्यात का ठेवलंत?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. "विसरले," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. पण सोशल वर्करने लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न आला. अशा गोष्टी आपण नेहमी विसरता का? आईला वाटलं, हो म्हटलं की पोरीचं काम होतं. "हां, विसरते," ती म्हणाली. गॅस बंद करायला विसरता का? "हां." कधी रस्ता चुकता का? "हां, चुकते." बाळ कुठे ठेवलं हे कधी विसरलात का?

आई थांबली. तिच्या कपाळावर घाम होता. साठ-पासष्ट वर्षांची बाई, जिला जंगलातलं झाडन्झाड ओळखू येतं, ती माझ्यासाठी एकेका होकाराने स्वतःला वेडी ठरवत होती. आणि त्या बाईच्या वहीत प्रत्येक होकारासरशी ती बाळाला धोक्याची होत चालली होती. मी रचलेलं खोटं तिला घराबाहेर काढत होतं. सुधीरने माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

"थांबा," मी म्हणाले. "ती काही विसरत नाही. हे मी तिला शिकवलं. कोयती तिथे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी नर्स आहे आणि मला माहीत होतं."

 फोनमधल्या बाईने माझं इंग्रजी आईला मराठीत सांगितलं. आईने डोळे मिटले. सोशल वर्करने वहीचं नवं पान काढलं आणि आईला पहिल्यापासून विचारलं.

"राखणीला ठेवली," आई म्हणाली.

कशापासून राखण?

"जे दिसत नाय त्याच्यापासून. दिसतं त्याला आमच्याकडं कुत्रा हाय."

बाईच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखं मला वाटलं, पण ती हसली नाही. तिने बराच वेळ लिहिलं. शेवटी तिने सांगितलं ते असं: बाळ घरातच राहील, पण कोयती आजच घरातून गेली पाहिजे. टोपलीत गादीशिवाय काही नको. सहा आठवडे त्या लोकांच्या फेऱ्या होतील आणि तोवर आजीने बाळापाशी एकटीने बसायचं नाही. शिवाय माझ्या कामावरही कळवणार. मी सगळ्यावर सही केली. पुढे वरिष्ठांसमोर बसून मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. नोकरी राहिली, मान थोडा गेला, आणि तो जायलाच हवा होता.

कोयती पोलीस स्टेशनबाहेरच्या पेटीत टाकायची होती. लोक नको असलेल्या सुऱ्या तिथे टाकतात. ते काम सुधीरवर आलं. सरकार परवा चमचे मोजायला येईल म्हणणारा तो माणूस कोयती वर्तमानपत्रात बांधून, डिकीत सर्वांत खाली ठेवून, गाडी बैलगाडीच्या चालीने घेऊन गेला. मी बाळाला घेऊन मागे बसले होते. पेटीच्या फटीतून कोयती आत पडल्याचा आवाज आला आणि त्या बंदीसाठी सही करणारी मी, भर दुपारी पार्किंगमध्ये हुंदके देऊन रडले.

तुम्ही विचाराल, आता काय मत आहे? सही मी परत घेतलेली नाही. त्या मुलीच्या मांडीवर ज्याने हात दाबला नाही त्याने मला स्वातंत्र्य शिकवू नये. पण कायदा करणाऱ्याला कोयती एकाच कामाची दिसते, आणि आमच्या आईला ती शंभर कामांची दिसते, हेही मला आता नाकारता येत नाही. या दोन्हीच्या मध्ये मी उभी आहे आणि तिथे बसायला काही नाही. बाहेर गेलेल्यांनो, तुमची आई बाळंतपणाला येत असेल तर बॅग भरण्याआधीच तिच्याशी बोला. इथला नियम सांगा, तिचं म्हणणं ऐका, भांडा हवं तर. फक्त तिला पढवू नका.

कारण सहा आठवडे संपले, फेऱ्या थांबल्या, आई तलासरीला परतली, आणि खरी शिक्षा मला आता कळतेय. आमची आई आयुष्यात खोटं बोलली नव्हती. बाबांचं दुखणं बरं होणारं नाही हेसुद्धा तिने मला फोनवर सरळ सांगितलं होतं. इतक्या लांबून मी राहू शकले ती त्याच भरवशावर, की तिकडे काही बिनसलं तर आई लपवणार नाही. माझं घर म्हणजे तेवढंच होतं. भिंती नव्हेत, ताड नव्हेत, तिचा शब्द.

गेल्या आठवड्यात मी विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाली, "बरा हाय. काल महालक्ष्मीला पायी जाऊन आले." मी खूश झाले, सुधीरला सांगितलं. मग भावाचा फोन आला. आई पंधरा दिवसांपूर्वी विहिरीवर पडली आहे, भिंतीला धरून चालते आहे आणि मंदाला कळवायचं नाही म्हणून तिने सगळ्यांना बजावलं आहे.

मी तिला विचारलेलं नाही. तिकीट काढलंय. पुढच्या महिन्यात बाळाला घेऊन येते. आईचा गुडघा मला माझ्या हाताने दाबून बघायचा आहे.