फक्कीची वस्ती

नकाशा भिंतीला लावून मी तिसऱ्यांदा विचारलं, "कळलं ना सगळ्यांना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पाणी पिऊन वळले आणि पाहिलं, तर नकाशा उलटा लावलेला. उत्तर दिशा खाली, नाला आभाळात. एकानेही हटकलं नव्हतं. हसावं की रडावं कळेना.

मी तेव्हा नगररचना खात्यात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी हुद्दा तोच. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. द्वारका चौकाच्या मागे नाल्याकाठी चाळीसेक घरांची वस्ती होती. दर पावसाळ्यात घरांत पाणी शिरे, म्हणून ती वरच्या माळावर हलवायची होती. निम्मी घरं बौद्धांची, निम्मी घोटीकडून मजुरीला आलेल्या शेतकरी कुटुंबांची. नवा नळ मात्र एकच मंजूर होता. लोकांनी लेआउट, म्हणजे घरं कुठे आणि रस्ते कुठे ही आखणी, एकमताने मान्य केल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं. महिनाअखेरपर्यंत सह्या आल्या नाहीत, तर माळाची जागा दुसऱ्या खात्याला जाणार होती आणि वस्ती नाल्यातच राहणार होती.

गंमत अशी, की एका बाबतीत एकमत होतंच. दोन्ही बाजूंना मधोमध तीस फुटी रस्ता हवा होता. घोटीकडच्यांच्या वतीने रामभाऊ बोले. तो म्हणे, पुढेमागे ट्रक यायला बरा. पलीकडून नामदेव बोले, कारखान्यात फिटर होता. तो म्हणे, रोजची कटकट नको, तुम्ही तिकडे, आम्ही इकडे. जातीचं नाव कोणी घेत नव्हतं. सगळे फुटांत बोलत होते. भांडण होतं ते नळावरून. तो रस्त्याच्या कुठल्या बाजूला घ्यायचा, यावर चार बैठका फुकट गेल्या होत्या.

उलट्या नकाशाची गोष्ट साहेबांना सांगितली. ते फायलीतून मान वर न काढता म्हणाले, "मग माळावर नेऊन दाखवा त्यांना घरं." ते वैतागून बोलले होते. मी ते मनावर घेतलं.

रविवारी दोन शिपाई, टेप आणि फक्कीची पोती घेऊन माळावर गेले. फक्की म्हणजे खेळाच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी भुकटी. दुपारभर आम्ही नकाशा जमिनीवर उतरवला, जसाच्या तसा, पूर्ण मापाचा. प्रत्येक घराला दारापुरती फट ठेवली. चार वाजता उन्हं उतरली तेव्हा पिवळ्या गवतात एक पांढरं गाव उमटलं होतं. भिंती नाहीत, छपरं नाहीत. देवळालीकडून तोफांच्या सरावाचे आवाज येत होते, लांब कुठेतरी कोणी दार लोटावं तसे.

लोक आले ते हसत आले. मग हळूहळू आपापलं घर शोधू लागले. एका बाईने फटीशी थांबून चपला काढल्या आणि मग आत गेली. एक उंच माणूस नसलेल्या दारातून वाकून शिरला. कोणी तीन दगड मांडून चूल लावली, कोणी कोपऱ्यात पाय पसरून बसलं आणि वर आढं असल्यासारखं आभाळाकडे बघत राहिलं. मीही बघत राहिले. आपण शाईने काढलेल्या चौकोनांत माणसं राहायला आलीत, हे पाहून मला फार आनंद झाला.

रामभाऊची आई, कौसाबाई, बरीच वर्षं आंधळी होती. जुन्या वस्तीत ती भिंत चाचपत नळापर्यंत जाई. तिथून पुढे नामदेवच्या आईकडे, गयाबाईकडे, सकाळचा चहा घ्यायला. मुलं बैठकीत भांडत, पण म्हाताऱ्यांचा चहा चुकला नव्हता.

कौसाबाई म्हणाली, "ताई, मला बी दावा माझं घर."

फक्कीची रेघ हाताला लागत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गयाबाईच म्हणाली, "तिला रेघ काय दिसनार? तुम्ही भिंती व्हा."

लोकांना मजा वाटली. दोन्हीकडचे आपापल्या रेघांवर उभे राहिले. कौसाबाई घाईघाईने नाही, सावकाश निघाली. खांदा लागला की नाव विचारी. दारातून बाहेर पडली आणि पावलं मोजू लागली. नळ तिच्या सवयीने नऊ पावलांवर. नऊ झाली, तरी हाताला काही लागेना. ती तीस फुटी रस्त्याच्या मधोमध आली होती. हात तसाच हवेत राहिला.

"इथं कुनीच नाय का रं?" तिने विचारलं.

तो रस्ता मी फार नीट काढला होता. मला माझी लाज वाटली.

आधी नामदेव हलला. स्वतःच्या रेघेवरून उतरून तो रस्त्यात आला आणि तिच्या हाताखाली खांदा दिला. "मी हाय मावशी. नामदेव."

रामभाऊ त्याच्याकडे बराच वेळ बघत होता. मग तोही आला आणि तिच्या दुसऱ्या अंगाला उभा राहिला. मग एकेक करत बाकीचे आले. बघता बघता रस्त्याचा आठ फुटी बोळ झाला, दोन्हीकडे माणसांच्या भिंती. कौसाबाई त्यातून चालत गेली आणि पलीकडून आलेल्या गयाबाईच्या हाताला तिचा हात लागला.

"नळ इथंच घ्या," रामभाऊ म्हणाला.

मी प्रत्येकाच्या पायाशी फक्की ओतत गेले. डोळ्यांत पाणी आलं, ते मी फक्कीवर ढकललं.

साहेबांनी विचारलं, तीस फुटी रस्ता कुठे गेला. मी म्हटलं, घरांच्या मागून घेतलाय, ट्रकही येईल. बोळ नियमात बसत नव्हता, म्हणून तो पायवाट म्हणून दाखवला. खाली सह्या आणि अंगठे होते, सगळ्या घरांचे. साहेबांनी ते मोजले आणि सही केली.

दोन वर्षांनी मी तिथे गेले. सगळं गोड झालं होतं असं नाही. हंडा भरण्याआधी नळ धुऊन घेणाऱ्या दोघीतिघी होत्याच. पण कौसाबाई बोळातून एकटी येत होती. एकेका विटेच्या भिंतीला हात लावत पुटपुटत होती, "हा किसन. हा नामदेव. हा माझा राम." त्या संध्याकाळी जो जिथे उभा होता, त्याच्या नावाने ती भिंत ओळखत होती. चहाला उशीर झाला होता, म्हणून माझ्याशी फार बोलली नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, ऑफिसकडे सामान मागण्याच्या माझ्या प्रत्येक यादीत पेन्सिलींच्या खाली एक ओळ कायम असे: फक्की, दोन पोती. कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी सांगे, नकाशा सुलटा लावण्यासाठी.