फडकं बांधलेला हात

मलकापूरला जिल्हा सॉफ्टबॉल स्पर्धेचा शेवटचा सामना होता. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेला जाणार होता. शेवटचा डाव, गुण बरोबरीत होते आणि बुलढाण्याकडून चेंडू मी टाकत होते. समोर बॅट घेऊन आली संग्रामपूरच्या संघातली एक मुलगी. उजव्या हाताला फडकं बांधलेलं. मला कीव आली, म्हणून चेंडू हळू टाकला. तिने तो मुद्दाम सोडून दिला आणि वेणी पाठीवर टाकत हसली.

“हात माहा दुखून राह्यला. तुहा तं धड हाये ना? मंग टाक जोरात!”

मी जीव तोडून टाकला. तिने तो थेट सरकीच्या गोदामापलीकडे टोलवला. आम्ही हरलो, पण पहिली टाळी माझीच वाजली. पुढे समोर कुणीही आलं, तरी मी चेंडू कधी हळू टाकला नाही.