मलकापूरच्या पुढची शर्यत आणि तेरावा फोटो

बैलगाडी शर्यतींचे फोटो काढून पोट भरायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा आमच्या कोल्हापुरातल्या स्टुडिओचे मालक पोट धरून हसले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिथे पासपोर्टचे फोटो काढायचो. शेवटी म्हणाले, "एक झक्कास फोटो आण, दर्शनी काचेत लावतो. न्हाई जमलं तर गुमान खुर्चीवरची माणसं काढायची." खोलीवर विचारायला कुणी नव्हतंच, त्यामुळे निघायला वेळ लागला नाही.

तुम्ही जाणार असाल तर रत्नागिरी रस्ता आता चांगला आहे. तेव्हा एसटी वाघबिळाच्या चढाला धापा टाकायची. बांबवड्याला गरम भजी खाल्ली. शेजारच्या म्हातारबांनी विचारलं, "एकलंच? शर्यतीला कुणी एकलं जातंय व्हय?" मी हसून वेळ मारून नेली, पण ते उतरून गेल्यावर गाडी उगाच रिकामी वाटायला लागली. मलकापूरहून पुढे दोन कोस पायी. ऊन वैशाखाचं. पाणी बरोबर ठेवा.

माळावर ही गर्दी! त्यात एक माणूस धावपट्टीकडे पाठ करून उभा होता. तात्या. त्यांचीच जोडी पळणार होती.

"बघणार न्हाई?" मी विचारलं.

"आपल्या बैलाला आपलीच नजर लागती, पावणं. आजवर एकदाबी बघितलो न्हाई. तुमी बघा आन मला सांगा."

माझ्याकडे एकच रोल, बारा फोटोंचा. कॅमेऱ्यात वरून वाकून बघायचं आणि त्यात डावं-उजवं उलटं. बैल डावीकडून आले, मी कॅमेरा फिरवला भलतीकडे. मग घाबरून खटाखट बाराही फोटो उडवले. धुरळा बसला तेव्हा तात्यांची जोडी पहिली आली होती.

"कशी पळाली?" त्यांनी विचारलं. मी काही बघितलंच नव्हतं! म्हणालो, "फोटोत दाखवतो."

त्यांनी मला घरी नेलं. नाचणीची भाकरी, मटणाचा रस्सा, आणि वाढताना असा आग्रह की मला आईची आठवण आली. मग गुलालानं माखलेले बैल अंगणात आले, घरातली सगळी माणसं नटून उभी राहिली. "काढा आता!"

रोल संपलाय हे सांगायचं सोडून मी कॅमेरा उचलला. "तुमी बी या की आमच्यात," तात्या म्हणाले. पालथ्या बुट्टीवर कॅमेरा ठेवला, आपोआप खटका पडणारी कळ ओढली आणि पळत जाऊन उभा राहिलो. तात्यांनी खांद्यावर हात टाकला. खटका पडला. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

कोल्हापुरात रोल धुतला. अकरा फोटोंत धूळ, शेपट्या, कुणाचं तरी धोतर. बाराव्यात मात्र जोडी होती, आठही पाय अधांतरी. मालकांनी तो काचेत लावला, आणि बघता बघता शिरोलीपासून मुडशिंगीपर्यंतचे बैलवाले मला बोलवायला लागले. एक प्रत तात्यांना पाठवली. सोबत खरं काय ते लिहिलं.

पोस्टकार्ड आलं: "रोल संपला हुता तर सांगायचं की. आमी काय मारलो नसतो. आपली जोडी पळताना पयल्यांदा बघितलो. डोळं भरून आलं. फुडच्या जत्रंला या, परत हुबं ऱ्हाऊ."

मी गेलो नाही. आधी लाज आडवी आली, मग कामं. पुढे कळलं, तात्या गेले.

तीस वर्षं या कामावर जगलो. खोलीत आजही पेट्या भरून बैल आहेत, कुणाकुणाचे, कुठकुठल्या माळावरचे. परवा बसून सगळे चाळले. त्यांत मी एकातही नाही. ज्यात होतो, तो काढताना कॅमेऱ्यात रोल उरला नव्हता.